डाव्या अंगाचा दोष

जनार्दनकाका टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावतात, तेव्हा आधी टीव्हीखाली लिंबू ठेवतात. लिंबाशिवाय त्यांची गाडी हलत नाही. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. बोर्ली पंचतनला एकटेच राहतात. मी त्यांचा शेजारी, इथल्या शाळेत मास्तर. पनवेलच्या जावयानं गेमचा जुना डबा आणून दिला आणि काकांना म्हातारपणी पुन्हा ड्युटी लागली.

डब्यात तीन खेळ आहेत. समुद्राकाठचा, बर्फाचा आणि शहरातला. तिन्हींची तुलना हा काकांचा रोजचा धंदा. ‘‘ह्या बर्फाच्यात ब्रेक दाबला का गाडी नाचते. गाडी हाय का नवरदेवाची घोडी?’’ शहरातल्यात बटण दाबलं की गाडीच्या मागून जाळ निघतो. ‘‘माज्या ट्रकातनं असा जाळ निगाला असता तर मी उडी मारली असती.’’ समुद्राकाठची गाडी पाण्यात पडते आणि लगेच रस्त्यावर उभी राहते, याचा तर त्यांना रागच आहे. वळणावर हॉर्न नाही म्हणून ते तोंडानं पों करतात.

क्लीनरशिवाय गाडी काढायची नाही, हा त्यांचा नियम. क्लीनर अर्थात मी. शाळा सुटली की त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून ‘‘येऊ द्या, येऊ द्या’’ म्हणत बसायचं. तरी गाडी दर वेळी डावीकडेच आपटते. ‘‘डावं अंग नीट बनवलंच न्हाय. तिन्ही खेळात योच दोष.’’ मला खेळांतलं काही कळत नाही, म्हणून मी मान डोलवायचो.

एकदा घरून पोहे घेऊन गेलो. काकांनी खाल्ले आणि म्हणाले, ‘‘आज कमी दिलंव, मास्तर.’’ बशीत डावीकडचे पोहे तसेच होते. मी बशी फिरवली. ‘‘आनखी हायत की,’’ म्हणून त्यांनी घास घेतला, आणि मग त्यांचा हात थांबला.

मग त्यांनी सांगितलं. आषाढात एका सकाळी त्यांना मेंदूचा झटका येऊन गेला होता. डावीकडचं दिसणं गेलं, आणि ते परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. लेकीला, सुनंदाला, त्यांनी सांगितलं होतं की सगळं बरं झालं. खरं कळलं असतं तर ती घराला कुलूप लावून त्यांना पनवेलला घेऊन गेली असती. ‘‘तिला बोलू नका,’’ एवढंच ते म्हणाले. दिवाळीत सुनंदा आली तेव्हा मी शेजारी बसून वळण न् वळण सांगितलं, काका शर्यत जिंकले आणि ती निर्धास्त परत गेली. मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला.

परवा माझ्या बदलीचा कागद आला. पोलादपूर. सांगायला गेलो तेव्हा काकांनी खेळ थांबवला.

‘‘पोलादपूरचा घाट मी लई ओढलाय. वर जाताना डाव्या अंगाला दरी हाय. यष्टीत उजव्या खिडकीशी बसत जा.’’

मग म्हणाले, ‘‘सुनंदाला फोन लावा.’’

मी लावून दिला. काकांनी तिची चौकशी केली, नातवंडांची केली. शेवटी घसा खाकरून विचारलं, ‘‘पोरी, तुज्या टीव्हीसमोर दोन खुर्च्या मावतात ना?’’