वरातीसाठी लुब्लिनचा घोडा

चहाच्या पेल्यात लिंबाची चकती तरंगताना दिसली आणि इंद्रसिंगचं डोकं फिरलं.

"बापू, हाई काय शे?"

"चहा शे, जिभाऊ."

"चहामा लिंबू? इतला मोठा गावमा एक म्हैस नही का?"

रूपसिंगने कपाळाला हात लावला. पोलंड देशातल्या लुब्लिन नावाच्या या शहरात येऊन त्यांना आठवडा होत आला होता आणि जिभाऊंना, म्हणजे इंद्रसिंगना, तिथली एकही गोष्ट पसंत पडली नव्हती. रस्त्यांना दगड बसवलेत, त्यावरून घोड्यांचे नाल घसरतात, म्हणून ते चिडले. कुणी रामराम घालत नाही म्हणून चिडले. तासातासाला घंटा वाजते पण आरती काही होत नाही, म्हणूनही चिडले. थंडी तर खास आपल्याला छळायलाच सोडली आहे असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

आता सारंगखेड्याचा घोड्यांचा पारखी लुब्लिनमध्ये काय करत होता, तर त्याचं मूळ एका मोटारीत होतं. तापीकाठचे जमीनदार डोंगरसिंग दरबार यांच्या मुलाचं लग्न शहाद्याच्या नारसिंगांच्या मुलीशी ठरलं. साखरपुडा उरकतो न उरकतो तोच व्याह्यांनी नवीकोरी मोटार घेतली आणि ती बघायला अर्धा तालुका लोटला. दरबारांना ते झोंबलं. "त्यास्नी मोटर, त आपला इलायती घोडा!" असं त्यांनी भर ओसरीवर जाहीर केलं. अस्सल अरबी रक्ताचे घोडे पोलंडात मिळतात, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. झालं. इंग्रजी बोलायला पुण्याच्या कॉलेजात शिकलेला पुतण्या रूपसिंग आणि घोडा पारखायला इंद्रसिंग, अशी जोडी नंदुरबारच्या स्टेशनवरून हारतुरे घालून रवाना झाली. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत इंद्रसिंगचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आपण उभ्या आयुष्यात एकही घोडा चुकलो नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

पण लुब्लिनबाहेरच्या पागेत सगळं बिनसलं. उमदे घोडे एकामागून एक समोर आले आणि जिभाऊंनी एकेकाला नापास केलं. एकाच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा, म्हणजे आसूढाळ. असला घोडा मालकाला रडवतो. दुसऱ्याच्या छातीवर नको तिथे भोवरा. पागेच्या मालकाने इंग्रजीत विचारलं, "केसांचा आणि घोड्याचा काय संबंध?" रूपसिंगने ते भाषांतर करून सांगितलं आणि जिभाऊ तिथून तरातरा निघालेच.

"ज्याले भवरा समजस नही, तो घोडा इकस! शरम नही का त्याले?"

परतीची आगबोट जवळ आलेली. रिकाम्या हाताने गेलो तर जत्रेत तोंड दाखवायची सोय नाही, हे जिभाऊंना चांगलं ठाऊक होतं. म्हणून लिंबाचा चहा तसाच टाकून, लाल फेटा सारखा करत ते तावातावाने रस्त्यावर आले. मागून रूपसिंग.

आणि कोपऱ्यावरून वाजंत्री ऐकू आली.

पुढे बँड, मागे फुलांनी मढवलेली उंच बंद गाडी, तिला जुंपलेले दोन पांढरेशुभ्र घोडे, डोक्यावर तुरे, अंगावर चंदेरी काठाची काळी झूल. मागून शे-दोनशे माणसं पायी.

"लगीन!" जिभाऊंचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला.

रूपसिंगने गाडीवरचा क्रूस पाहिला. "जिभाऊ, माले वाटस हाई लगीन नही..."

"नही कसं? वाजा शे, फुलं शेतस, तुरा लायेल घोडा शेतस. घोडा लगीनले लयतस का मयतले?"

"पन सगया काया कपडामा शेतस."

"थंडीना देश शे. काया कपडा ऊब धरस."

"बाया रडी ऱ्हायन्यात, जिभाऊ!"

"आंडेर सासरले चालनी, रडतीन नही त काय हासतीन? आनि दख, गाडी बंद शे. पडदा पायतस. खानदानी लोके शेतस. ह्या गावमा काहीतरी रीतभात शे म्हना!"

रूपसिंग त्यांची बाही धरेपर्यंत जिभाऊ रस्त्याच्या मधोमध पोचलेही होते. उजवीकडच्या घोड्याने त्यांना वेड लावलं होतं. त्यांनी सरळ त्याचा लगाम धरला. अख्खी मिरवणूक थांबली. त्यांनी डोळ्यांखाली बोट फिरवलं, स्वच्छ. छाती चाचपली, निर्मळ. गळ्याखाली हात घातला, तिथला शुभ भोवरा बोटांना लागला आणि ते जवळजवळ ओरडलेच, "देवमण! बापू, गळाले देवमण शे!" मग घोड्याचा ओठ वर करून दात बघितले. उंच टोपीवाला गाडीवान वरून त्याच्या भाषेत संतापून बोलत होता, जिभाऊ खालून आपल्या भाषेत संतापून उत्तर देत होते, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं.

तेवढ्यात गाडीमागून एक म्हातारा डोळे पुसत पुढे आला. हाच नवरीचा बाप, हे जिभाऊंनी तेव्हाच ओळखलं. त्यांची स्वतःची मुलगी गेल्याच साली सासरी गेली होती. त्यांचा सगळा राग विरघळला. त्यांनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"रडू नका, दाजी. आपलं मानूस कितलं दिन घरमा ठेवस कोनी? एक दिन सगयास्ले जानंच शे." आणि बोलता बोलता त्यांनाच हुंदका फुटला.

म्हाताऱ्याने त्यांना मिठी मारली. कुठल्या दूर देशीचा हा लाल फेटेवाला, आपल्या भावासाठी रडतो आहे! मागच्या माणसांनी टोप्या काढल्या. बायकांचं रडणं दुप्पट झालं आणि घोडे आपणहून चालू लागले. मंडळींनी जिभाऊंना अगदी पुढच्या रांगेत घेतलं. रूपसिंगने हुशारी करून कानात सांगितलं, "जिभाऊ, बिनबोलावता लगीनमा जेवाले जानं का?" तेव्हा कुठे ते थांबले. मानाची गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या माणसाला मध्ये घालून रूपसिंगने घोड्याच्या धन्याचा पत्ता काढला. प्रेतं नेण्याचा धंदा करणारा तो गृहस्थ मोटार घेण्याच्या बेतात होता. घोडा काढायला गिऱ्हाईक आयतं दारात आलं, म्हणून तो खूश. त्याने घोड्याच्या सवयीही मोकळेपणाने सांगितल्या. त्या ऐकून रूपसिंगला थंडीत घाम फुटला.

"जिभाऊ, हाऊ घोडा कसाना शे ते त आयकी ल्या..."

"चूप! तू कॉलेज शिकना, मी घोडा शिकनू."

घोडा विकत घेऊन निघाल्यावर आगबोटीवर त्याने पुन्हा तोंड उघडलं. "आते मन्ही परीक्षा तू लेशी का?" असं म्हणून जिभाऊ दोन दिवस त्याच्याशी बोललेच नाहीत. रूपसिंगनेही मग तोंडाला कुलूप लावलं. मोठ्यांना एवढंच कळत असेल तर बघोत तेच.

घोडा पाहून दरबारांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं. नवरदेवाआधी कुणी त्याच्यावर बसायचं नाही, की त्याला झूल घालायची नाही, अशी जिभाऊंनी ताकीद दिली. वैशाखात वऱ्हाड शहाद्याला पोचलं. मारुतीच्या देवळापासून बाजारपेठेतून मंडपापर्यंत वरात जायची होती. घोड्यावर जरीची झूल चढली, डोक्याला तुरा लागला, नवरदेव बसला, सनई-ढोल सुरू झाले. आणि घोडा उभाच.

चुचकारलं, गूळ चारला, मागून रेटलं. घोडा मान खाली घालून खांबासारखा उभा. चाबकाला जिभाऊ हात लावू देईनात. बघे गोळा झाले. "मोटरगत हॅन्डल मारा हॅन्डल!" कुणीतरी ओरडलं. मुहूर्त जवळ आला. शेवटी व्याह्यांचा माणूस आला आणि अदबीने म्हणाला, "नारसिंगबापूंनी इचारेल शे, मोटर धाडू का?"

दरबार लालबुंद झाले. त्यांनी जिभाऊंकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यापेक्षा चाबूक परवडला असता.

आता मात्र रूपसिंग त्यांच्या कानाशी लागला. "जिभाऊ, हाऊ मयतनी गाडीना घोडा शे. झूल चढनी की बायास्नं रडनं आयकाशिवाय पाय उचलस नही."

"मयतना? आनि हाई तू माले आते सांगस?"

"तुम्ही सांगू दिधं का?"

 पण आता भांडायला वेळ नव्हता. ते थेट दरबारांच्या बहिणीपुढे जाऊन उभे राहिले.

"रुखमाबाई, रडा."

"काय? शुभ कार्यमा रडू? तुन्हं डोकं फिरनं का?"

"रडा म्हनस ना! नही त मोटर येस!"

मोटारीचं नाव काढताच रुखमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि असा काही गळा काढला की पाठोपाठ सगळ्या वऱ्हाडणी सुरू झाल्या. घोड्याने मान वळवली, कान टवकारले आणि डौलदार संथ पावलं टाकत तो निघाला. काय ती चाल! जिभाऊंनी मिशीवरून हात फिरवला.

पेठेतले दुकानदार मात्र उठून उभे राहू लागले. कुणी टोपी काढली, कुणी हात जोडले. मंडपात रडण्याचा आवाज पोचला तशी सनई बंद पडली. नारसिंग अनवाणी धावत बाहेर आले. "काय व्हयनं? कोन गया?" उत्तर येण्याआधीच त्यांच्या घरच्या बायकांनी हंबरडा फोडला. दोन्ही वऱ्हाडं मिळून असं रडणं त्या घोड्याने लुब्लिनमध्येही ऐकलं नसेल. त्याला भलताच हुरूप चढला. तो मंडपासमोरून झपाझप पुढे निघून गेला आणि थेट गावाबाहेरचा रस्ता धरला.

"जिभाऊ, मंडप मांगे ऱ्हायना!" मुंडावळ्या सावरत नवरदेव वरून ओरडला.

जिभाऊ लगामाला लोंबकळले. "चूप ऱ्हा! रडू नका, कोनी मरं नही!" पण या आरड्याओरड्याने बायका आणखीच घाबरल्या. मुहूर्त टळत होता. रस्त्याच्या टोकाला आता मसणवटीचं चिंचेचं झाड दिसायला लागलं.

तेव्हा इंद्रसिंग मागे वळले, फेटा काढून हातात घेतला आणि सगळ्या शहाद्यादेखत जिवाच्या आकांताने ओरडले, "मी चुकनू! आयकतस का? मी इंद्रसिंग, घोडा चुकनू! मयतना घोडा लगीनले लयनू!"

एकदम सगळं चिडीचूप झालं. सारंगखेड्याचा इंद्रसिंग घोडा चुकला? बायका रडायच्या विसरल्या. घोडा जागच्या जागी थांबला. मग कुठून तरी एक खसखस ऐकू आली आणि बघता बघता सगळा रस्ता हसू लागला. दरबारसुद्धा.

नारसिंगांची मोटार भोंगा वाजवत आली. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि तिच्यात बसला, दरबार बसले, रूपसिंग पायरीवर उभा राहिला. सगळे हसत हसत मंडपाकडे गेले आणि मुहूर्त साधला.

रस्त्यावर इंद्रसिंग आणि घोडा दोघेच उरले. "हासा! हासा अजून!" ते धुरळ्याकडे बघत म्हणाले. "ज्यास्ले घोडानी शेपटी कोठे शे ते ठाव नही, त्या मन्हावर हासतस!" घोड्यावर डाफरावं म्हणून ते वळले, पण ऐन वेळी आवरायच्या आत एक हुंदका बाहेर पडला.

घोड्याने कान टवकारले आणि मसणवटीच्या दिशेने संथपणे चालायला सुरुवात केली.

"थांब ना रे!" लगाम धरून मागून फरफटत जाताना इंद्रसिंग म्हणाले, पण आवाज रडवेलाच होता, त्यामुळे घोड्याने पावलं आणखी भरभर उचलली.