धाकट्या बॅटरीच्या उपासमारीची हकीकत

श्री. एक रबरी पट्टा. मीठ, नजर पोचेल तेथवर मीठ. फुगलेली बासुंदी. पोटात टोचावयाचे औषध. शंभर की दोनशे?

जो फिरतो म्हणोन इतर उजळतात, त्यास नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी चार चाकांवर वसलेले एक राज्य होते, आणि चारही चाकांस इंजिनाचा जोर पोचे म्हणोन ते चिखलास, वाळूस, ओढ्यास जुमानीत नसे. धनी राजश्री विश्रामराव. राज्यात बॅटऱ्या दोन. थोरली पुढे इंजिनाशेजारी, तिने सकाळी इंजिन जागे करावे. धाकटी मागे डिकीत, तिने फ्रिज चालवावा. आणि दोघींस वीज पुरविणारा अल्टरनेटर एकच, तो इंजिनाच्या पट्ट्यावर गरगर फिरत असे. फ्रिजात ठेवणे होते विश्रामरावांच्या मातोश्री सरूआईसाहेब यांचे इन्सुलिन. मिठाचे रण पाहावे ऐशी आईसाहेबांची बहुत वर्षांची इच्छा, आणि वैद्य बोलिले होते की औषध गार राहील तर खुशाल न्या, तापले तर ते औषध नव्हे, नुसते पाणी. मग स्वारीची सिद्धता जाहली, आणि तालीम म्हणोन औषधाऐवजी बासुंदी फ्रिजात ठेवोन राज्य घाटांतून हिंडवून आणिले, आणि परत येऊन झाकण उघडिले तो बासुंदी नासलेली, धाकटी निपचित पडलेली, आणि थोरली मात्र भरोन तृप्त.

मग मसलत बसली. कोणी म्हणे वायर बारीक, कोणी म्हणे फ्रिजच खादाड, कोणी म्हणे धाकटीचा पायगुण. विश्रामरावांस व्होल्ट म्हणजे दाब आणि अँपिअर म्हणजे ओघ ऐसे समजाविण्यात आले, त्यांनी मान डोलविली, आणि क्षणात त्यांच्या मस्तकात दाबाचा ओघ आणि ओघाचा दाब जाहला. तेव्हा राज्याचे वीजकारभारी दस्तगीर वस्ताद मिशीवरून हात फिरवून बोलिले, "मालक, शंभर अँपिअरचा अल्टरनेटर काढा, दोनशेचा ठोका. मग दोघीच काय, चौघी पोसा." हे बोलणे मसलतीतले सर्वांत सोपे, म्हणोन तेच खरे ठरले.

जुना अल्टरनेटर उतरविला आणि नवा दांडगा चढविला, आणि दांडग्याच्या ओढीने पट्टा किंचाळू लागला, मग पट्टा बदलिला, मग पट्टा ताणणारी पुली बदलिली, मग किंचाळणे थांबले आणि सर्वांनी एकमेकांची पाठ थोपटिली. दुसरी तालीम जाहली. दुसरी बासुंदी नासली. थोरली मात्र या खेपेस आणखी लवकर तृप्त जाहली होती. विश्रामरावांनी मीटर लाविला, उलटा लाविला, सुलटा लाविला, आणि दोन्ही खेपेस त्यांस काही कळले नाही. दस्तगीर वस्ताद बोनेटात डोके घालोन बहुत वेळ राहिले आणि डोके बाहेर काढून इतकेच वदले की अँपिअर आहेत, पण येत नाहीत. म्हणजे काय, ऐसे विश्रामरावांनी पुसिले. वस्तादांनी पुन्हा डोके आत घातले.

हे सर्व ओसरीवरून आईसाहेब पाहात होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी राहते घरी."

ऐकताच विश्रामरावांनी हातातला मीटर खाली ठेविला. कारण हे वाक्य आईसाहेब जन्मभर बोलत आल्या होत्या, आणि प्रत्येक खेपेस लोक खरेच जाऊन आले होते. काशीस जाऊन आले, गोव्यास जाऊन आले, खुद्द विश्रामराव दोनदा हिमालयात जाऊन आले आणि येताना शाल आणिली. मग ते मातोश्रींपुढे पायरीवर बसले आणि काय सांगावे ते न सुचोन अल्टरनेटराचीच हकीकत सांगू लागले, की आई, हा वीज करतो, आणि पुढच्या बॅटरीकडे पाहतो, आणि ती भरली की हात आखडता घेतो, आणि मागची...

"थांब," आईसाहेब म्हणाल्या. "म्हणजे पंगतीतला वाढपीच की रे हा. पहिल्या पानाकडं बघतोय. पहिल्यानं पुरे म्हटलं, की हा भांडं घेऊन माघारी. मग भांडं केवढं का असेना."

अंगणात वस्तादांचे डोके बोनेटातून बाहेर आले. मग दस्तगीर वस्ताद म्हणाले की हेच तर आपण कालपासून सांगत आहो. काल ते कोणी ऐकिले नव्हते.

"मग शेवटच्या पानाला वेगळा वाढपी द्या," आईसाहेब म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग बाजारातून एक मधला चार्जर आणिला. तो धाकटीशेजारी बसविला, आणि पुढून वीज घ्यावी आणि थोरली तृप्त असो वा नसो, धाकटी पुरे म्हणेपर्यंत तिच्या पानात वाढीत राहावे, ऐसे त्याचे काम. तिसरी तालीम जाहली आणि तिसरी बासुंदी जैसी ठेविली तैसी निघाली, आणि वस्तादांनी ती उभ्यानेच संपविली. मग स्वारी निघाली, आईसाहेब पुढल्या आसनावर, औषध मागे गार. विश्रामराव वाटेत तीनदा थांबून फ्रिजाचे झाकण उघडून पाहात, तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, "उघडून उघडून तूच तापवशील ते." रणात पोचल्यावर त्यांनी चिमूटभर पांढरे उचलिले, जिभेस लाविले आणि खारटच आहे म्हणोन निर्वाळा दिला, आणि मग उन्हे उतरेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत, आणि कोणी त्यांस चला म्हटले नाही.

येणेप्रमाणे वर्तमान. जुना अल्टरनेटर बिघडला नव्हता ऐसे मागाहून समजले, तो फळीवर आहे. व्होल्ट कोणता आणि अँपिअर कोणता हे विश्रामरावांस अद्याप उमगले नाही. जे कळले ते लिहिले, न कळले तेही लिहिले.

विश्रामरावांच्या लग्नात जिलेबी आईसाहेबांच्या पानापर्यंत पोचली नव्हती.