पावावरचा उंदीर

मी हात वर केला तो खिडकी बंद करा म्हणून सांगायला. मानेवर गार वारा येत होता, आणि सत्तरीनंतर माझ्या मानेला इंग्लंडातली सगळी हवा लागते. पण नेमकं तेव्हाच आमच्या पाद्रीबाई फिलिपा यांनी चर्चमध्ये विचारलं होतं, "जगातल्या उपाशी माणसांसाठी शनिवारी दिवसभर उपास कोण करेल?"

टाळ्या पडल्या. टाळ्यांनंतर खिडकीचं काय बोलणार?

"बरं झालं," घरी जाताना माझी बायको हिलरी म्हणाली. "डॉक्टर वर्षभर ओरडतोय वजन उतरव म्हणून. आता देवानंही सांगितलं."

"देवानं नाही, खिडकीनं."

"कुणी का सांगेना, क्लाइव्ह."

ज्यांनी चर्चच्या गळक्या छपराला कधी दमडी दिली नाही, तेसुद्धा उपाशी लोकांच्या नावानं माझ्या उपासावर पैसे लावून गेले. मला भरून आलं. जगाचं दारिद्र्य आपल्या पोटावर अवलंबून आहे, या विचारानं माणूस दमतो, पण थोडा उंचही होतो.

शनिवारी सकाळी हिलरीनं माझ्या हातात पाव दिला. (खायला नव्हे.) सुगीच्या प्रार्थनेसाठी ती दरवर्षी गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव भाजते. पेंढीवर पिठाचाच एक छोटा उंदीर असतो. चर्चमधली पोरं आधी उंदीर शोधतात, मग देवाकडे बघतात.

"चर्चमध्ये पोचव. तुझी ती गाडी ने, म्हणजे जागची हलेल तरी."

ती गाडी म्हणजे माझी हिरवी मॉरिस. वयानं माझ्याहून थोडीच लहान. तिचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं 'टाकी भरलेली' एवढंच दाखवतो. पण जुन्या गाडीचे मूळ भाग बदलायचे नाहीत हे माझं तत्त्व. (तत्त्वं मी गाडीपुरतीच पाळतो.) अर्ध्या चढावर पेट्रोल संपलं.

हिलरीला फोन केला. "बस तिथेच," ती म्हणाली. "पेट्रोलचा डबा भरून आणते. वेळ लागेल."

बसलो. पाव अजून कोमट होता. जगातल्या भुकेल्यांचा विचार करायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. त्यानं भूक वाढली. मग ठरवलं, फक्त उंदीर. एवढ्याशा उंदराला काही जेवण म्हणत नाहीत. पण उंदीर गेल्यावर ती जागा बोडकी दिसायला लागली, म्हणून शेजारच्या दोन ओंब्या काढल्या. मग ती बाजू दुसऱ्या बाजूशी जुळेना.

काचेवर टकटक झाली. जुनी गाडी उभी दिसली की आमच्याकडचा माणूस थांबतोच.

"माझ्या आजोबांकडे अशीच होती," तो म्हणाला. "किती सालची?"

तोंड भरलेलं. मी बोटांनी साल दाखवायला लागलो.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"त्याला चांगलंच बरं वाटतंय," मागून हिलरी म्हणाली. तिच्या हातात डबा होता आणि शेजारी, गाडी ढकलायला लागली तर म्हणून आलेल्या, पाद्रीबाई.

मी घास गिळून सगळं कबूल केलं. "उपाशी लोकांचे पैसे माझ्यामुळे बुडाले," मी अंगावरचे पावाचे कण झटकत म्हणालो.

फिलिपाबाईंनी खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बुडाले नाहीत हो. एवढे कधीच जमले नव्हते."

"पण उपास मोडला ना."

"हो. तो किती वाजता मोडतो, यावरच लोकांनी पैसे लावले होते, एकेकानं एकेक वेळ धरून." त्या जरा ओशाळल्या. "आपले ऑर्गनवाले थ्रेल्फॉल तेवढे म्हणाले, संध्याकाळपर्यंत टिकतील."

"आणि जिंकलं कोण?"

"मी," हिलरी पेट्रोल ओतत म्हणाली. "म्हणून तर पाव तुझ्याबरोबर दिला."

रविवारी तो पाव खाल्लेली बाजू भिंतीकडे करून मांडला होता. पोरं उंदीर शोधून दमली. मी मान खाली घालून बसलो. प्रार्थना संपल्यावर मात्र उठलो आणि ऑर्गन वाजवणाऱ्या थ्रेल्फॉलना गाठलं. अख्ख्या गावात माझ्यावर भरवसा ठेवणारा हा एकच माणूस.

"माफ करा," मी म्हणालो. "तुमचा विश्वास मी सार्थ केला नाही."

थ्रेल्फॉलनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"विश्वास कसला?" ते म्हणाले. "मला यायला उशीर झाला. सकाळच्या सगळ्या वेळा आधीच इतरांनी घेतल्या होत्या."