उष्टा पाना

गाडीच्या बारीकसारीक कामाला गॅरेजवाला लागतो, हे मला कधीच पटलेलं नाही. चार नट, एक पाना आणि मनगटात जोर, एवढं असलं की चाक निघतं. हे मी आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या मंदिरात अख्ख्या उत्सव समितीसमोर बोललो. म्हणून तर धुळ्याहून नवलबुवांना कीर्तनाला आणायचं काम माझ्याकडे आलं.

तुम्ही म्हणाल, यात मिरवण्यासारखं काय, ही तर हमाली. अहो, नवलबुवांच्या कीर्तनासाठी आम्ही चोपडा, सावदा पालथं घालणारी माणसं! मांडवात बुवा सगळ्यांचे. पण धुळे ते जळगाव गाडीत बुवा एकटे आणि मी एकटा, ते दोन तास! बुवांना काय काय विचारायचं ते मी महिनाभर आंघोळ करताना पाठ करत होतो.

"नाहीच जमलं तर माझी गाडी आहे," शेजारचे प्रेमराजशेठ म्हणाले होते. बुवांचं वेड त्यांनाही तेवढंच.

"जमेल," मी म्हणालो.

कीर्तनाच्या दिवशी सकाळी पाहतो तर गाडीचं पुढचं चाक खाली बसलेलं, पुरणपोळी जास्त झालेल्या व्याह्यासारखं. मी नुसता हसलो. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. नटाला पाना लावला, देवाचं नाव घेतलं आणि जोर केला. नट जागचा हलला नाही. पान्याने मात्र आ वासला.

प्रेमराजशेठ कुंपणावरून बघतच होते. त्यांनी लगेच त्यांचा पाना काढून दिला. माणूस मोठ्या मनाचा, पण पाना म्हातारा. एका हिसक्यात दांडी माझ्या हातात आणि तोंड नटावर.

दुसऱ्याची वस्तू मोडली तर नवी आणून द्यावी, एवढं मला कीर्तन न ऐकताही कळतं. तसाच स्कूटरवर बाजारात गेलो, महावीरशेठच्या हार्डवेअरच्या दुकानातून कोरा करकरीत पाना आणला आणि प्रेमराजशेठच्या हातात ठेवला.

आमची चारुलता पायरीवर धने निवडत बसली होती. "अहो, नवा आणला होता तर आधी त्याने चाक खोलायचं ना."

"आणि मग द्यायचा? उष्टा?"

"पाना आहे तो. पेढा नाही."

"वस्तू ती वस्तू. देवाला उष्टा नैवेद्य दाखवशील का?"

"प्रेमराजशेठ देव कधी झाले? बरं, मग स्वतःसाठी एक वेगळा आणायचा."

हे मला दुकानातच सुचायला हवं होतं. पण तेवढ्यात पलीकडच्या घरातले नूर महंमद चाचा स्वतः होऊन रिंगपाना घेऊन आले. चाचांचा लोखंडी कपाटं बनवायचा धंदा.

"अब्बांच्या वेळचा आहे, भाऊ. याने ट्रकची चाकं खोललीत."

दारात आलेल्याला नाही कसं म्हणणार? मी जोर केला. अब्बांच्या वेळचं पोलाद टणकन बोललं आणि दुभंगलं. चाचांनी दोन्ही तुकडे उचलून रुमालात बांधले. मी स्कूटरला किक मारली. पुन्हा बाजार.

यावेळी महावीरशेठने चहा मागवला. "भाऊ, गॅरेज टाकलं का?"

नवा रिंगपाना हातात घेऊन चाचा बराच वेळ उलटसुलट करत राहिले. "अब्बा असते तर खूश झाले असते," म्हणाले. आणि मग ते कॉलनीभर सांगत सुटले.

थोड्याच वेळात माझ्या फाटकाशी रांग. प्रेमराजशेठ दात पडलेली पक्कड घेऊन. कुणी डोकं डुगडुगणारा हातोडा घेऊन. आणि चोपड्याकडच्या वच्छलाअक्का चक्क सांडशी घेऊन.

"भाऊ, हाई लाई देखा. बठ्ठी ढिली व्हई गयी शे."

"अक्का, सांडशीने नट निघत नाही."

"निंघस का नही ते राहू द्या, भाऊ. मोडस का ते देखा."

मी कुणाला नाराज केलं नाही. पकडीचं तोंड वाकडं झालं, हातोड्याचं डोकं उडून मोगऱ्याच्या कुंडीत गेलं, सांडशीच्या दोन पायांनी काडीमोड घेतला. मी पुन्हा बाजारात जाऊन सगळं नवं आणलं आणि यावेळी आठवणीने स्वतःसाठी एक पानाही आणला. परत येतो तर प्रेमराजशेठ इस्त्रीच्या कुडत्यात गाडी सुरू करून बसलेले.

"उशीर होतोय. बुवा ताटकळतील, निघतो मी," ते म्हणाले. मी त्यांची पक्कड पुढे केली. तीही घेऊन गेले.

गाडी वळणाआड गेली तशी चारुलता धन्याचं सूप बाजूला ठेवून आली. "एक विचारू? नट सैल करायला डावीकडे फिरवतात ना?"

सकाळपासून मी उजवीकडे फिरवत होतो. अहो, सगळा जन्म देवळात गेला, प्रदक्षिणा कधी उलटी घातली नाही. हात डावीकडे वळेचना! तिने माझा पाना नटाला लावला, दांडीवर पाय दिला आणि अंगाचा भार टाकला. नट कुरकुरला आणि सुटला. मग काय, स्टेपनी चढली. चारही चाकांवर ताठ उभी गाडी, आणि जायचं मात्र कुठेच नाही.

संध्याकाळी बुवा असे रंगले की काय सांगू. मी खांबाआड बसलो होतो. पाटीभर प्रश्न पोटात तसेच. शेवटी पाया पडायला गेलो, तर बुवांनी हात धरला.

"तुम्हीच का ते? अहो, पारोळा गेलं, एरंडोल गेलं, वाटभर प्रेमराजशेठ तुमचंच कीर्तन करत होते. मला तोंड उघडायला मिळालं नाही."

शेजारी प्रेमराजशेठ जमिनीकडे बघत होते. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. म्हणजे ते दोन तास मी गाडीत होतोच, फक्त बसलेलो नव्हतो.

मग बुवांनी इकडेतिकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि तडा गेलेली झांजांची जोडी हळूच माझ्या ओंजळीत ठेवली.

"सवड झाली की ही जरा चाकाला लावून बघा."

महावीरशेठकडे झांजा मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारून आलो.