धोटीचं बाळंतपण

बसप्पाकाकांना गुपित सांगायचं असलं, की ते आधी इकडेतिकडे बघायचे, दार लोटून घ्यायचे, माझा खांदा धरून मला जवळ ओढायचे आणि मग माझ्या कानात असे ओरडायचे, की कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ते गुपित पोचायचं.

त्यात त्यांचा दोष नव्हता. सगळी हयात त्यांनी सोलापुरातल्या एका कापडगिरणीत, मागखात्यात काढली. तिथं शेकडो माग एकदम खडखडतात. त्या आवाजात कान गेले आणि ओरडायची सवय तेवढी राहिली. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं समजायचं. गिरणीतल्या बहुतेकांना ते येतंच.

काका तिथं जॉबर होते. म्हणजे बंद पडलेला माग दुरुस्त करून चालू करून द्यायचा. रिटायर झाले तरी जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी एकतर चालू असायची, नाहीतर बंद. माझी सायकल बंद. समोरच्या काशव्वाचं तोंड चालू. मी ज्या पोस्टात कारकुनी करायचो ते पोस्ट कायमचं बंद. आणि हे ठरवायला ते तळहात टेकवायचे. मागावर तळवा ठेवला की कुठं काय अडलंय ते हाताला कळतं म्हणे. आमच्या रेडिओवर तळवा ठेवून ते बातम्या संपेपर्यंत उभे राहायचे आणि शेवटी मान हलवून "चालू हाय" म्हणायचे. एकदा माझ्या पोटावर तळवा ठेवून म्हणाले, "मास्तर, हितं काय तरी अडकलंय." अडकलं होतं खरं. आदल्या दिवशी मी शेंगापोळ्या जरा जास्तच हाणल्या होत्या.

मी मास्तर नव्हे, हे त्यांना कितीदा सांगितलं. पण खिशाला पेन लावणारा तो मास्तर, यावर ते ठाम होते.

तर एके दिवशी सकाळी मी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होतो. काका शेजारच्या दारातून धोतराचा सोगा सावरत बाहेर आले आणि गरजले, "मास्तर! ऑपरेशनला चाललोय! तुमी बी चला!"

माझा हात गालावरच थांबला. ते दिवस कसले होते ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. सरकारला कुटुंबनियोजनाची घाई झाली होती, आणि पांढरी जीप दिसली की आमच्या गल्लीतले बापे मागच्या दारानं पसार व्हायचे. काकांची आरोळी ऐकून दोन-तीन खिडक्या धडाधड लागल्यासुद्धा. आमची सुमन उलथनं घेऊनच बाहेर आली.

"काका, यांना कुठं नेताय? घरात मला विचारायचं तरी!"

मला काही कळेना. काका साठी उलटलेले, बायको गौरव्वा जाऊन वर्षं झालेली, घरात एकटे. त्यांच्याकडून सरकारला कसली भीती? तेवढ्यात त्यांनी हातातली पाटी वर उचलली. वेताची पाटी, वर दुसरी पालथी घालून सुतळीनं बांधलेली. फटीतून एक पिवळा डोळा आमच्याकडं बघत होता.

"हिचं हो!" काका म्हणाले. "धोटीचं!"

मागात इकडून तिकडे पळतो तो धोटा. हे मांजराचं पिल्लू त्यांच्या घरात तसंच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचं, म्हणून ती धोटी. आता पिल्लू म्हणावं तर मोठी झाली होती, मांजर म्हणावं तर शेपटीमागं गोल फिरायची. तिची आई गल्लीतलीच एक भटकी. काकांच्या माळ्यावर व्यायची आणि दर वेळी बोका पिल्लं खायचा. शेवटच्या वेळची ही एवढी एक वाचली. पुढं आई कुठं गेली ती परत आलीच नाही.

धोटी काकांच्या मांडीवर बसून घुरघुरायची. ती घुरघुर काकांना कुठली ऐकू यायला! ते तिच्या पाठीवर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि गल्लीला जाहीर करायचे, "चालू हाय!"

अशा धडधाकट जिवाचं ऑपरेशन कशासाठी, हे मला समजेना. मला ते म्हणाले, "मास्तर, पिल्लं सुताची नासधूस करत्यात." त्यांच्या घरात सूत म्हणून करदोट्यापुरतंही नव्हतं. सुमनला म्हणाले, डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टरला त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं. काशव्वाला म्हणाले, "तुला काय करायचंय?" तिन्ही उत्तरं ऐकून मी अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांच्याबरोबर निघालो. का निघालो तेही मला सांगता यायचं नाही.

गुरांच्या दवाखान्यात बैल, म्हशी, शेळ्या, आणि मधे आम्ही दोघं पाटी घेऊन. शेजारी एक शेतकरी लंगडा बैल धरून बसला होता. त्यानं पाटीत डोकावून विचारलं, "काय झालंय वो हिला?"

"काय झालं न्हाय!" काका ओरडले, तसा बैलसुद्धा दचकला. "काय होऊ नये म्हणून आणलंय!"

शेतकऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

डॉक्टर तरुण होते, हौशी होते. मांजर बघून खूश झाले. ऑपरेशन नीट झालं. जाताना त्यांनी बजावलं, की तिला उबेत ठेवा, उड्या मारू देऊ नका, आणि मुख्य म्हणजे टाके चाटू देऊ नका. काका त्यांच्या ओठांवर नजर रोखून प्रत्येक शब्दाला मुंडी हलवत होते. मला वाटलं, समजलं.

समजलं होतं, पण कसं ते घरी आल्यावर दिसलं.

पोट दुखवून दवाखान्यातून घरी आलेल्या बाईचं काय करायचं असतं, याची काकांना एकच रीत ठाऊक होती. ती म्हणजे बाळंतिणीची. त्यांनी धोटीला बाजेवर निजवलं. खाली शेगडी ठेवली. दाराला चादर टांगली, वारा लागू नये म्हणून. निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी दिली. आणि वारं शिरू नये म्हणून कानांवरून फडकं बांधलं. आता मांजराचे कान बांधले तर मांजर काय करेल? शुद्धीवर येताच धोटीनं फडक्यासकट तीन शिंका दिल्या, शेगडीवरून उडी मारली आणि थेट कपाटावर चढली.

"मास्तर, उडी! उडी मारली हो! टाकं!"

मी स्टुलावर चढलो, ओरबाडून घेतलं, तिला खाली आणलं. टाके शाबूत होते. मग सुमननं येऊन शेगडी विझवली, फडकं सोडलं, धुरी बाहेर नेली. एकच गोष्ट तिनं राहू दिली. काकांनी ट्रंकेतून एक पट्टा काढून धोटीच्या पोटाला गुंडाळला होता. मऊ सुती, वीतभर रुंद, कडेला बारीक लाल काठ. त्यानं टाके झाकले गेले होते आणि धोटीला ते चाटता येत नव्हते. बाळंतपणातलं तेवढंच डॉक्टरच्या सांगण्याशी जुळलं.

 घरी आल्यावर सुमन म्हणाली, "अहो, तो पट्टा फाडलेला नाही, मागावर विणलेला आहे. बाईच्या पोटाला बांधायचा. मूलबाळ नसलेल्या एकट्या माणसाच्या ट्रंकेत तो कशाला?"

मला काय ठाऊक! मी आपला हाताला हळद लावत बसलो होतो.

गल्लीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. त्यांचाही गोंधळच. आजाऱ्याला बघायला जायचं तर मोसंबी न्यावी, बाळंतिणीला बघायला जायचं तर डिंकाचा लाडू. एकीनं दोन्ही आणलं. धोटीनं दोन्हीकडं पाठ फिरवली. काका मात्र दारात उभे राहून येणारीला "पाय धुवून या!" असं दरडावत होते, आणि बायका हसू दाबत पाय धूत होत्या.

काशव्वा आली, बाजेवर वाकली आणि मागं वळून म्हणाली, "अगं बाई, बाळंतीण हाय खरी. पर बाळ कुटं हाय?"

बायका खदखदून हसल्या. मलाही हसू आलं. काशव्वा हळूच बोलली होती, पण तिचं तोंड काकांकडं होतं.

 काकांनी चादर बाजूला सारली, सगळे बाहेर येईपर्यंत थांबले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर शेजारून आवाजच येईना. ना आरोळी, ना "चालू", ना "बंद". आमच्या गल्लीला तो आवाज घड्याळासारखा होता. पोरं अभ्यासाला बसेनात, सुमनचं दूध उतू गेलं. माणूस चिडला म्हणावं तर एवढ्याशा थट्टेवर चिडणारा नव्हता. शेवटी मी दार ढकलून आत गेलो.

काका जमिनीवर बसले होते. धोटी बाजेखाली, भिंतीकडं तोंड करून. दुधाची वाटी अर्धी तशीच. काकांनी बाजेखाली हात घालून तिच्या पाठीवर तळवा टेकवला, बराच वेळ ठेवला आणि काढून घेतला.

"बंद हाय, मास्तर. ऑपरेशन झाल्यापासनं बंद. खाती थोडं, पर मांडीवर येत न्हाय. चालू असल्याली मीच बंद पाडली."

"काका, पण तुम्ही हे केलंत कशासाठी?" मी विचारलं. विचारायला नको होतं की काय, कुणास ठाऊक. पण माझ्या डोक्यात त्या पट्ट्याचा, धुरीचा, सगळ्याचा नुसता गुंता झाला होता.

काकांनी सवयीनं इकडेतिकडे बघितलं. माझा खांदा धरला, जवळ ओढलं आणि सांगायला लागले. नेहमीसारखंच. ओरडून.

"गौरव्वाला मूल व्हायचं, आन् ऱ्हायचं न्हाय! शेवटच्या टायमाला म्हटलं, सगळं रीतसर करायचं! मागावर उरलेल्या सुतात पट्टा विणला मी! ती दवाखान्यातनं आली, तिला बांधला! शेगडी, शेपा, ओवा, सगळं मी केलं! करायला दुसरं कोन हुतं? घरात बाळंतीण हुती, मास्तर! बाळ न्हवतं!"

बाहेर कुणाच्या तरी नळावर घागर भरत होती. ती वाहायला लागली तरी कुणी उचलली नाही.

"मग ती घरभर हिंडायची! डबं उघडून बघायची, माळ्यावर चढायची! हिची आय तशीच करायची, बोक्यानं पिल्लं नेली की! माळ्यावर, चुलीमागं, तुमच्या दारात! मला गिरणीचा भोंगा ऐकू येत न्हाय! तुमी बोलता ते ऐकू येत न्हाय! ती मांजर वरडायची ते तेवढं ऐकू यायचं! कसं काय, मला ठाव न्हाय! म्हटलं, हिच्या वाट्याला ते नको! न्हाय तर न्हाय पिल्लं, पर ते हिंडणं नको!" मग त्यांनी बाजेखाली बघितलं. "पर हिला कुटं विचारलं मी? बरं केलं का वाईट, सांगा की! तुमी मास्तर हाय न्हवं!"

मी मास्तर नव्हतो, आणि असतो तरी सांगता आलं नसतं. मी दुधाची वाटी बाजेखाली जरा पुढं सरकवली.

गल्लीला अर्थातच सगळं ऐकू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काशव्वानं आपलं अंगण झाडता झाडता काकांचंही झाडलं, उंबऱ्याशी झाकलेलं दूध ठेवलं आणि काही न बोलता गेली. काशव्वा काही न बोलता गेली हे मी दोनदा खात्री करून लिहितोय.

पुढं टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, जखम छान भरलीय. घरी येऊन काकांनी पट्टा सोडला, झटकला, घडी घालून ट्रंकेत ठेवला. तेवढ्यात धोटी उघड्या दारातून सुसाट निघाली, ओटा, भिंत, पत्रे, आणि दिसेनाशी झाली.

काका तिच्यामागं धावले नाहीत. ओट्यावर बसले. सुमननं चहा आणून दिला, तो तसाच निवत राहिला. "हिची आय बी अशीच गेली," एवढंच म्हणाले, आणि तेही माझ्याकडं न बघता. मीही बसून राहिलो. घरात शिरणं बरं दिसलं नसतं. ऊन उतरलं. सकाळपाळी सुटल्याचा भोंगा झाला, आणि समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली तेव्हा तो काकांना कळला.

कबुतरांच्या मागोमाग धोटी आली. भिंतीवरून ओट्यावर, ओट्यावरून सरळ माझ्या मांडीवर. माझ्या! मी तिच्यासाठी हात ओरबाडून घेतले होते, पण म्हणून हे? मी लाजेनं चूर झालो. काका माझ्याकडं बघत होते आणि ती त्यांच्याकडं. मग तिनं अंग ताणलं, माझी मांडी तुडवत पलीकडं गेली आणि त्यांच्या धोतरात गोल होऊन बसली.

काकांनी तळवा उचलला, पण ठेवेनात. हात तिच्या पाठीवर नुसता अधांतरी. मला तर घुरघुर चांगली ऐकू येत होती. मी मान हलवून सांगत होतो, चालू आहे, ठेवा. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी ठेवला. डोळे मिटले.

मग दुसऱ्या हातानं त्यांनी माझा खांदा धरला आणि मला जवळ ओढलं. मी सवयीनं डोळे मिटून घेतले, दात आवळले, कानाचे पडदे देवावर सोपवले.

"चालू हाय," काका म्हणाले. इतकं हळू, की धोटीचा कानही हलला नाही.