दहापैकी दहा

धारूरकर सरांना लग्नाची पत्रिका दिली की चार दिवसांनी ती परत यायची, लाल शाईनं तपासलेली. 'इन्व्हाइट यू फॉर द मॅरेज' मधला 'फॉर' खोडून वर 'टू', आणि तळाला दहापैकी सहा मार्क. लग्नाला मात्र सर हटकून यायचे आणि पोटभर जेवायचे.

हैदराबादेत, नल्लकुंट्यात आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू. सर इंग्रजी शिकवून रिटायर झाले, पण तपासणी काही सुटली नाही. चूक कुठली ते सांगायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "पुन्हा म्हण." आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला घरात कोण कोण, असं विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स." पाच वेळा 'पुन्हा म्हण' झाल्यावर मी रडकुंडीला आलो, तेव्हा सर म्हणाले, "अरे, भाऊ नुसते असतात. 'हॅविंग' इडली!" आजही इडली खाताना मला माझे भाऊ आठवतात.

कोपऱ्यावरचा ऑटोवाला तर त्यांना बघताच हात जोडायचा, "सर, इंग्लिश नक्को. तेलुगूमें बोलतूं."

मुलालाही सूट नव्हती. विनय अमेरिकेत शिकायला गेला आणि हौसेनं इंग्रजीत पत्रं लिहू लागला. सर ती तपासून, मार्क देऊन उलट टपाली पाठवायचे. चार पत्रं आली. पाचवं आलंच नाही. पुढे त्याचे फोन यायचे, तेही काकूंना. काकू होत्या तोवर सरांना त्याची खुशाली त्यांच्याकडून कळायची.

गेल्या महिन्यात सरांनी मला खाली बोलावलं. आता ऐंशी ओलांडलीय. विनयची नऊ वर्षांची रिया मराठी शिकते आणि दर रविवारी सकाळी आजोबांना फोन करते.

"मागच्या रविवारी दोनदा 'पुन्हा म्हण' म्हणालो," सर खाली बघत म्हणाले. "पोर गप्पच झाली. एकाला असंच घालवलंय मी. तू शेजारी बस. मी चूक काढायला लागलो की माझा हात दाब."

फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला.

"आजोबा, मी शाळेत गेला होता. माझा मैत्रीण पडली. मी तिला पाणी दिली."

सरांचे ओठ हलले. मी हात दाबला. त्यांनी माझा असा आवळला की बोटं कळवळली. पण तोंडातून एवढंच आलं, "मग?"

मग मैत्रिणीचा गुडघा झाला, बाईंचा कुत्रा झाला. प्रत्येक वाक्यात चूक होती आणि माझ्या बोटांना प्रत्येक चूक कळत होती. शेवटी तिनं विचारलं, "आजोबा, किती मार्क?" बापानं सांगून ठेवलं असणार.

"दहापैकी दहा."

पलीकडून विनय बोलला, "बाबा, मला कधी सहाच्या वर दिले नाहीत तुम्ही."

सरांनी चष्मा काढला.

"ती पत्रं ठेवलीयस का रे? पाठव. पुन्हा तपासतो."