गिरमिटाच्या गाण्याचे हरण आणि कोंडाळ्याचा शेवटचा शब्द

श्रीशारदेस वंदन, ती ज्यांचे करारांत अद्याप अडकली नाही त्यांसही वंदन, आणि जे घडले ते लिहितों. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरीं एका राज्यांत पत्र्याची गल्ली म्हणोन वस्ती होती, आणि तेथे सिद्धोधन खरात नामें रॅपर नांदत होते, आणि गाणे कानांत फिरत फिरत खोल जाई म्हणोन लोक त्यांस गिरमिट म्हणत. गल्लीचा रिवाज ऐसा कीं, गाणाराने कोंडाळ्यांत उभे राहोन ओळ म्हणावी, यमकाचा शब्द सोडावा, आणि तो कोंडाळ्याने द्यावा. न दिला तर गाणे खोटे. गिरमिट म्हणत, “माझ्या गल्लीचं नाव माझ्या जिभेवर गोंदलंय, तुझ्या तिजोरीत कुणाकुणाचं गाणं—” आणि अवघी गल्ली गर्जे, “कोंडलंय!”

ही कीर्ति नादमहाल कंपनीचे अधिपति हर्षवदनशेठ यांचे कानीं गेली, आणि शेठजींनी कृपा केली, म्हणजे गाडी पाठविली. मग थंड हवेचे दालनीं बसवोन आज्ञा जाहाली, “ब्रो, तू आग आहेस आग! घरचंच समज. इथं सही कर.” गिरमिट एकटे, कोंडाळे गल्लींत राहिलेले, शेवटचा शब्द द्यावयास कोणी नाही, आणि त्यांनी सही केली. चूक ती हीच.

मग शेठजींचे पदरीं शब्द धुवोन देणारे पंडित होते, त्यांनी पाहिले कीं गल्ली कळकट दिसते आणि तिजोरी यजमानांस टोचते, आणि फुसफुशा नामें शरबतवाले खर्चास उभे होते, त्यांचा मान राखोन गिरमिटांचाच आवाज यंत्रांत कापोन जोडोन नवे पद सिद्ध केले: “फुसफुशाचं नाव माझ्या जिभेवर गोंदलंय, तुझ्या फ्रिजमध्ये आज काय काय कोंडलंय?” आणि ते राज्यभर वाजले.

कोंडाळ्यांत पिंप वाजविणारी रुबिना वदली, “काय रे गिरमिट, फ्रिज घेतलास म्हणे? दार उघड की, गल्लीला जरा गार वारा लागू दे.”

“रुबे, आवाज माझा आहे गं. पण ते मी नाही बोललो.”

“मग जा आणि तुझं गाणं घेऊन ये. आम्ही फ्रिजला शब्द देणार नाही.”

मग गिरमिट महालीं जावोन गाणे मागते जाहाले. वकील हंसोन बोलिले, “गाणं आमचं, गिरमिट हे नाव आमचं. तू बोल ना खुशाल, कोण अडवतंय? यमक जुळलं की मात्र आमचं.”

पुढें गल्लीचा जलसा आला, आणि करार मोडतां धरावे म्हणोन शेठजी वकील व कॅमेरे घेवोन हजर जाहाले. गिरमिट मध्यें उभे राहिले आणि तोंड मिटले. रुबिनाने पिंप धरिले. एका ओळीइतुका ताल रिकामा गेला, आणि कोंडाळे गर्जले, “गोंदलंय!” आणखी एक रिकामी ओळ गेली, आणि, “कोंडलंय!” ऐसे अवघे गाणे जाहाले, आणि वकील गिरमिटांचे ओठ पाहात राहिले, ते हलले नाहींत.

शेठजी मात्र प्रसन्न. धांवत मध्यें येवोन बोलिले, “काय भारी! ही शांतताच विकू आपण! नवा करार आणलाय, ब्रो. मागचं विसर सगळं, फक्त इथं कर सही—” आणि लेखणी काढावयास थांबले. ओळ तुटली, ताल चालूच होता, आणि कोंडाळ्याने रिवाजाप्रमाणें शब्द दिला, “नाही!”

सारांश, गिरमिटांचा आवाज व नांव अद्याप महालीं कैद आहेत, शरबत खपते आहे, आणि कोणास लाज वाटल्याचे वृत्त नाहीं. शेवटचा शब्द तेवढा करारांत घालावयाचा राहिला. तो गल्लीजवळ आहे.